लाइटचं वेळापत्रक

नांदेड-लातूरकडच्या शिवारात विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीचं दार उघडलं, की स्टार्टरच्या बाजूला बहुतेक वेळा एक छोटा डबा जोडलेला दिसतो. कुणी त्याला ऑटो म्हणतं, कुणी ऑटोस्विच. लाइट गेली की स्टार्टर आपोआप सुटतो आणि लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. ही सोय मोटारीच्या आणि माणसाच्या सुरक्षिततेसाठी असते. ऑटो ते बटण माणसाच्या वतीने दाबतो. तिन्ही फेज आल्या की थोड्याच वेळात पाणी पाटाला लागतं. रात्री दोनला लाइट येणार असली, तर हातात बॅटरी घेऊन साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जायचं की घरी पडून राहायचं, हा प्रश्न या डब्याने सोडवला.

शहरातल्या दुकानांत आता दिसतो तो प्लगमध्ये खोचायचा टायमर. पाटी किती वाजता विझवायची, गीझर कधी लावायचा, वॉटर कूलर कधी बंद करायचा, हे त्याच्यावर एकदाच ठरवून ठेवता येतं. दोन्ही यंत्रं दिसायला साधी, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. ऑटोला घड्याळ कळत नाही, तो फक्त लाइट आली का ते पाहतो. टायमर लाइट असणारच असं गृहीत धरतो आणि फक्त वेळ पाहतो. मराठवाड्यात हे गृहीतक खरं ठरायला बराच काळ जावा लागला.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा वीज ही मोजक्या शहरांची चैन होती. १९५६ मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. त्यानंतर खेडोपाडी खांब पोचू लागले. परळी वैजनाथचं औष्णिक केंद्र १९७१ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षीच्या दुष्काळाने विहीर आणि मोटार यांचं महत्त्व सगळ्यांनाच पटवलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कृषिपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी सुरू झाली. पाच एचपीची मोटार महिनाभरात किती तास चालली, याचा बिलाशी संबंध उरला नाही. अशा बिलात वेळ वाचवून पैसा वाचत नाही. म्हणून शेतकऱ्याने लाइट असेल तेवढा वेळ मोटार चालू राहील अशी व्यवस्था केली, आणि ते त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं.

तीन फेजची लाइट पाळीने मिळू लागल्यावर ऑटोची खरी चलती झाली. एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री आठ-दहा तास, असं चक्र शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलं. गावठाणाला सिंगल फेज असायची, मग कुणी कंडेन्सर लावून त्याच लाइटवर मोटार ओढायचा. या सगळ्याचा भार डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर यायचा. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटारींना ऑटो असेल, तर लाइट येताक्षणी त्या सगळ्या एकदम उठतात. मग फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. रब्बीत गहू-हरभरा पाण्यावर आलेला असताना डीपी जळणं म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच विचारावं. म्हणूनच वीज कंपनी महावितरण दरवर्षी ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं आवाहन करत आलं आहे. शेतकऱ्याचं उत्तरही ठरलेलं: दिवसा लाइट द्या, ऑटो आम्हीच काढतो.

शहरांचा हिशेब बिघडला तो २००० नंतर. दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला, मागणी मात्र वाढत गेली. ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या, तेव्हा राज्यात हजारो मेगावॅटची तूट होती. भारनियमन वसुली आणि गळतीवरून ठरू लागलं. जिथे गळती जास्त, तिथे लाइट कमी. फीडरना, म्हणजे वीजवाहिन्यांना, ए, बी, सी असे गट मिळाले आणि कोणता भाग कोणत्या गटात, हे लोकांना आपल्या रक्तगटासारखं पाठ झालं. खेड्यांत दहा-बारा तासांचं भारनियमन नेहमीचंच होतं.

मराठवाड्याच्या बाजारपेठांचा दिवस त्या काळात पेपरात छापून येणाऱ्या भारनियमनाच्या तक्त्यावर चालला. लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या सोळा रस्त्यांवर, नांदेडच्या वजिराबादेत, दुकानांपुढे जनरेटर धडधडायचे. झेरॉक्सवाला कागदांची चवड लावून लाइटची वाट पाहायचा. पिठाच्या गिरणीवर डब्यांची रांग लागायची आणि लाइट आली की गिरणीवाला जेवण अर्धं टाकून उठायचा. वेल्डिंग, बर्फ, फर्निचरचं रंधायंत्र, सगळ्यांची तीच गत. राज्याच्या औद्योगिक वसाहतींत साप्ताहिक सुट्ट्याही विभागून दिलेल्या होत्या, म्हणजे सगळे कारखाने एकाच दिवशी ग्रिडवर तुटून पडू नयेत. पिंपरी-भोसरीकडची गुरुवारची सुट्टी त्यातलीच.

अशा दिवसांत कुणी प्लगचा टायमर आणला असता, तर फसगत झाली असती. त्याचं कारण त्याच्या पोटात आहे.

सगळ्यात स्वस्त टायमरला समोर एक गोल चकती असते. तिच्या कडेने छोट्या दट्ट्या असतात, पंधरा मिनिटांना एक, म्हणजे चोवीस तासांच्या शहाण्णव. जितक्या दट्ट्या खाली दाबाल, तितका वेळ लाइट चालू. चकती फिरवणारी मोटार मात्र भिंतीतल्या विजेवरच चालते. लाइट गेली की चकती थांबते, आणि आली की जिथे थांबली तिथून पुढे निघते. दिवसात चार तास भारनियमन असलं, तर रात्री अकराला विझायची पाटी पहाटे तीनला विझणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. शिवाय ही चकती विजेच्या कंपनसंख्येवर वेळ मोजते. २००० च्या आसपास ग्रिडवर ताण आला की कंपनसंख्या ५० हर्ट्झवरून खाली घसरायची. ४८.५ हर्ट्झवर दिवसभर चाललेलं असं घड्याळ चोवीस तासांत ४३ मिनिटं मागे पडतं. ज्या देशांत लाइट जात नाही, तिथली ही वस्तू. आपल्याकडे बॅटरीवर वेळ जपणारे टायमर लागतात. ते थोडे महाग असतात, पण खरा उपयोग त्यांचाच.

ठरावीक वेळी दिवा लावण्या-विझवण्याची कल्पना विजेपेक्षा गॅसच्या दिव्यांची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात रस्त्यावरच्या गॅसबत्त्यांना चावीची घड्याळं बसवली गेली, म्हणजे शिडी घेऊन फिरणारा माणूस लागू नये. पुढे तिथेच १९७८ मध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर आला: रात्रीचे सात तास वीज स्वस्त. लोकांनी पाणी तापवणं, घर उबदार करणं रात्रीवर टाकलं आणि टायमर घरोघरी गेला. वेळेनुसार दर आला की टायमरला काम मिळतं, हे तेव्हाच दिसलं.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि २००० च्या पहिल्याच दर आदेशापासून मोठ्या उद्योगांना वेळेनुसार आकारणी, म्हणजे टीओडी, लागू झाली. पुढे ती २० किलोवॅटवरच्या लघुदाब ग्राहकांपर्यंत आली. अलीकडे काही वर्षं हिशेब असा होता: रात्री १० ते सकाळी ६ प्रति युनिट दीड रुपया सूट, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. लातूरच्या डाळ मिलवाल्यांना हा तक्ता तोंडपाठ होता. पण डाळीचं सगळंच काम रात्रीवर ढकलता येत नाही. तुरीला तेल-पाणी लावून ती अंगणात उन्हात वाळवायची असते, त्याला दिवसच हवा. भरडण्याचं काम रात्री घेता येतं, पण हमालांची रात्रपाळी आणि तिची मजुरी मोजावी लागते. दीड रुपयाची सूट त्यात किती उरायची, हे प्रत्येक मिलचं वेगळं गणित होतं.

डिसेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या बऱ्याच फीडरवरचं भारनियमन बंद झालं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे संच थांबवावे लागले, पण शहरांतली लाइट टिकली. इथपासून छोट्या दुकानदाराच्या दृष्टीने प्रश्न बदलला. लाइट येणार का, हे विचारणं कमी झालं आणि बिल एवढं का आलं, हे विचारणं वाढलं.

त्याचं उत्तर अनेकदा बंद शटरच्या आत सापडतं. दोनशे वॅटची चमकणारी पाटी रात्री अकरा ते सकाळी सहा कुणीही बघत नसताना चालू राहिली, तर रोज १.४ युनिट, महिन्याला ४२ युनिट जातात. व्यापारी दर सगळे आकार धरून युनिटला दहा रुपयांच्या आगेमागे मानला, तर चारशे रुपये नुसत्या अंधारावर. काहीशे रुपयांचा टायमर महिन्या-दोन महिन्यांत फिटतो. लातूरमध्ये याहून मोठा हिशेब आहे तो हॉस्टेलांचा. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरातून आलेली मुलं शहराच्या गल्लीबोळांतल्या खोल्यांत राहतात आणि प्रत्येक मजल्यावर दोन हजार वॅटचा गीझर असतो. शेवटचा मुलगा आंघोळ करून गेल्यावर स्विच कुणी बंद करत नाही. टाकीतलं पाणी निवतं, थर्मोस्टॅट पुन्हा लागतो, दिवसभर हेच चालू राहतं. टायमरवर पहाटे पाच ते आठ ठेवलं की हे थांबतं. फक्त टायमर १६ अँपिअरचा हवा. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याला ६ अँपिअरचा टायमर लावला तर आधी प्लास्टिकचा वास येतो आणि मग सॉकेट काळं पडतं.

टायमर कुठे लावू नये, हेही दुकानदार अनुभवाने शिकले. आइस्क्रीमचा डीप फ्रीझर रात्री बंद ठेवला, तर सकाळी माल मऊ पडतो आणि तो पुन्हा गोठवायला कॉम्प्रेसर दुप्पट जोमाने चालतो. दुधाच्या फ्रिजचंही तेच. शिवाय टायमरने युनिट कमी होतात, स्थिर आकार कमी होत नाही. मंजूर भार गरजेपेक्षा जास्त घेतलेला असेल, तर तो कमी करून घेतल्याने पैसे वाचतात का, हेही तपासावं.

आणि आता वेळापत्रकच उलटं झालं आहे. केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल केला. १० किलोवॅटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती वगळता बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावावा, असं त्यात म्हटलं. उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा कमी असावा, हीही अट. राज्यात २०२५ च्या दरबदलात रात्रीची जुनी सवलत दिवसाकडे सरकली. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकालाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ऐंशी पैशांपासून सवलत सुरू झाली. कारण उघड आहे: दुपारी सौर वीज मुबलक असते आणि सूर्य मावळला की कोळशावर भार येतो. शेतीचंही तेच. २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मधला तिचा दुसरा टप्पा, दोन्हींचा हेतू पंपांना दिवसा लाइट देण्याचा आहे. जिथे ती मिळते, तिथे रात्रीसाठी बसवलेल्या ऑटोला काम उरत नाही.

दुकानदाराची पंचाईत वेगळी आहे. गंजगोलाई असो की वजिराबाद, गिऱ्हाईक येतं ते संध्याकाळी, आणि जादा दरही तेव्हाच. दिवे, पंखे, एसी त्या वेळी बंद ठेवणं शक्य नसतं. हलवता येण्यासारखं थोडंच आहे: टाकी भरण्याची मोटार दुपारी लावणं, पाणी गार करून ठेवणं, इन्व्हर्टरची बॅटरी दिवसा चार्ज करणं, बर्फ दुपारी पाडून ठेवणं. गिरणीवाल्याला त्याहून अवघड. शेतावरून परतलेल्या बाया सात वाजता डबे आणून ठेवतात. दळण उद्या दुपारी होईल असं सांगितलं, तर त्या पुढच्या गिरणीवर जातील. काही गिरणीवाल्यांनी डबा सकाळी ठेवून जा, संध्याकाळी पीठ न्या, अशी सवय लावायला सुरुवात केली आहे. हॉस्टेलवाल्यांचा पहाटे पाचचा गीझर मात्र सवलतीच्या तासांत बसत नाही. ते गच्चीवर सोलर बसवायला किती खर्च येईल, याची चौकशी करू लागले आहेत.