गाव मोजणारी माणसे : गोखले संस्था, प्रवरा आणि हसनाबाद

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या शेतकऱ्याला आज बँकेचे पीककर्ज मिळते, तेव्हा त्या कर्जामागे जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा असतो. जिल्ह्यात शेती किती, धंदे कोणते, पैसा किती लागेल, हे आधी मोजायचे आणि मग बँकांनी जबाबदारी वाटून घ्यायची, अशी ही रीत आहे. तिचा उगम एखाद्या बँकेच्या मुख्यालयात नाही. तो पुण्यातील एका संशोधन संस्थेत आणि फळबाजाराच्या हिशेबात आहे. हा थ्रेड त्या संस्थेविषयी.

६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांनी त्यासाठी भारत सेवक समाजाला देणगी दिली होती. संचालक म्हणून आले धनंजयराव गाडगीळ, वय अवघे एकोणतीस. केंब्रिजमध्ये लिहिलेल्या प्रबंधावरून तयार झालेला त्यांचा भारतीय उद्योगांच्या इतिहासावरील ग्रंथ १९२४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. अशा विद्वानाने राष्ट्रीय उत्पन्न, चलन, विनिमयदर अशा भारदस्त विषयांत रमावे, अशी कोणाचीही अपेक्षा असती.

ते विषय त्यांनी टाळले नाहीत, पण १९३३ मध्ये संस्थेने पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली. बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत किती हातांतून जाते आणि प्रत्येक हात काय ठेवून घेतो, हा तिचा प्रश्न होता. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार बस वाहतुकीची पाहणी आली, १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची. पुणे शहरातील कुटुंबांची मोठी पाहणीही याच दशकातली. आज हे सारे साधे वाटते. त्या काळी खेड्याविषयी बोलणारे पुष्कळ होते, पण शेतकऱ्याच्या घरी बसून बियाणे, बैल, मजुरी आणि व्याज यांचा हिशेब मांडणारे थोडे. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा असा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. गाडगिळांनी त्या वाटेचा राजरस्ता केला.

त्यांतील एक पाहणी मात्र या कथेसाठी सर्वांत महत्त्वाची आहे : गोदावरी व प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम. तिचा अहवाल १९४८ मध्ये छापून आला. कालव्याच्या पाण्याने सरकारी तिजोरीत किती पाणीपट्टी जमा झाली, एवढाच हिशेब तोवर होत असे. गाडगिळांनी अप्रत्यक्ष लाभही मोजायला घेतले. पाणी आल्यावर रोजगाराचे, व्यापाराचे, साऱ्या परिसराच्या अर्थव्यवहाराचे काय होते, ही विचारणा त्यामागे होती.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले होते. नगर जिल्ह्याच्या प्रवराकाठी ऊस वाढला, पण सुख वाढलेच असे नाही. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि बागाईतदार कर्जात बुडाला. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातकराचे संरक्षण मिळाले, त्याचा मोठा लाभ खासगी कारखान्यांनी उठवला. ते शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन त्यांवर ऊस पिकवीत. पाणी आपल्या गावाचे, जमीन आपली, आणि साखर दुसऱ्याची, असा तो प्रकार होता.

याच टापूत लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील राहत. शालेय शिक्षण बेताचे. पण १९२३ मध्येच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर येथे कालव्यावरील बागाईतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान गाडगिळांकडे होते. शेतकऱ्यांनी स्वतःचाच साखर कारखाना काढावा, या विचाराला तेथून बळ मिळाले. पुढे विखे पाटील गावोगाव हिंडून भाग गोळा करू लागले. सावकाराकडे गहाण पडलेल्या माणसाने, कधी उभा राहील हे ठाऊक नसलेल्या कारखान्यात पैसे गुंतवावेत, ही मागणी लहान नव्हती. मुंबई प्रांतात तेव्हा वैकुंठभाई मेहता सहकार खात्याचे मंत्री होते. सरकारने भाग घेतले, नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. १९४८ च्या अखेरीस संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले.

कारखान्याचे पहिले अध्यक्ष स्वतः गाडगीळ होते, उपाध्यक्ष विखे पाटील. अहवाल लिहून पुण्याला परतणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी जवळपास दशकभर त्यांनी भाग, भाव आणि यंत्रे यांची जोखीम अंगावर घेतली. सल्ला चुकला असता तर तो त्यांच्याच सहीच्या ताळेबंदात दिसला असता. (प्रवरेचा ‘आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना’ असा गौरव होतो, तो जरा जपून घ्यावा. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच सहकारी कारखाना निघाला होता. मात्र साऱ्या प्रदेशाचे अर्थकारण बदलणारा नमुना प्रवरेनेच घालून दिला.)

आता हसनाबादकडे वळावे. हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात होते. तेथे पाहण्या झाल्याच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये संस्थानातील खेड्यांची आर्थिक तपासणी केली, १९३७ मध्ये भरुचा यांचा शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरील अहवाल आला. पण पाहणी दरबाराची होती आणि अहवालही दरबाराला गेला. आकडे हातात घेऊन गावोगाव फिरणारा विखे पाटील तेथे नव्हता. प्रवरेसारखा कालवा तर नव्हताच. कापूस आणि ज्वारीचा हा कोरडवाहू मुलूख १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तेव्हा नगरच्या कारखान्याची चाके सहा हंगाम फिरून झाली होती.

दरम्यान रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी हाती घेतली. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील संचालन समितीत गाडगीळ सदस्य होते. १९५४ च्या अहवालातील एक आकडा पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला : शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के. व्यापारी बँकांचा तर एक टक्काही नाही. सहकार अपयशी ठरला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असा समितीचा सूर होता, आणि उपाय होता सहकारात शासनाची भागीदारी. प्रवरेने तो आधीच अजमावला होता.

१९६९ मध्ये, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी, गाडगीळ अभ्यासगटाने ‘क्षेत्रनिहाय दृष्टिकोन’ मांडला : प्रत्येक जिल्ह्याचा अभ्यास व्हावा आणि त्याच्या गरजेप्रमाणे पतपुरवठा आखावा. डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना लागू केली. १ मे १९८१ रोजी जालना हा वेगळा जिल्हा झाला. त्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र. वाई तालुक्यातील हिशेबवहीची रीत अशी फिरत फिरत हसनाबादच्या शेतकऱ्यापर्यंत आली. गाडगीळ ते पाहायला नव्हते. मे १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

कर्जाने पाऊस पडत नाही, हे मात्र खरे. गाडगिळांचे सहकारी आणि संस्थेचे पुढचे संचालक वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यांत मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. सर्वांत मोठी बाब सिंचनाची होती. ‘अनुशेष’ हा शब्द मराठी राजकारणात रुजला तो येथूनच; त्यावर भाषणे फार झाली, कालवे त्या मानाने थोडे.

कालवा नसलेल्या गावाला वेगळा सल्लागार हवा होता. जालन्याजवळ खरपुडीला मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने या मंडळाने १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात कडवंची गावी काम केले. येथेही आधी मोजणीच झाली; फक्त ती बाजाराची नव्हे, उताराची, मातीची आणि वाहून जाणाऱ्या पाण्याची. बांधबंदिस्ती झाली, ओघळी अडवल्या गेल्या, शेततळी खोदली गेली, आणि ज्वारी-कापसाच्या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. शेततळ्यांत भूजल उपसून साठवण्याची सवय घातक आहे, असा इशारा राज्यातील अभ्यासक देत आले आहेत, आणि तो नजरेआड करता येणार नाही.

२०१२ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कडवंचीचा हिशेब घेतला. १९९६ मध्ये कुटुंबाचे सरासरी वार्षिक उत्पन्न ४० हजार रुपये होते, ते ३ लाख २१ हजारांवर गेले होते. यात महागाईचा वाटा किती, हे अर्थात विचारायला हवे. केशव अय्यंगारांच्या तपासणीला तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती. मोजणारे पुन्हा हैदराबादहूनच आले होते. या खेपेस मात्र मोजलेले काम गावाने स्वतःच्या शिवारात केलेले होते.