दोरीचं दुसरं टोक

मेलरोज नावाच्या हवेलीच्या जेवणघरात, टेबलाच्या बरोबर वर, छताला एक भलंमोठं लाकडी फळकूट टांगलेलं आहे. महोगनीचं, कोरीव, चांगलं पुरुषभर उंचीचं. हवेली दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, "याला पंका म्हणतात." आम्हां दहाबारा पर्यटकांच्या माना वर गेल्या. मी मात्र चपापले. मिसिसिपी नदीकाठच्या एका लहानशा गावात, घरापासून अर्धं जग दूर, आपला पंखा लटकत होता. उच्चार जरा बिघडलेला, एवढंच.

हे गाव नॅचेझ. न्यू ऑर्लिन्सहून गाडीने तीनेक तासांवर, नदीच्या उंच कड्यावर वसलेलं. लोकसंख्या जेमतेम पंधरा हजार. फ्रेंचांनी १७१६ साली इथे किल्ला बांधला, तेव्हापासूनचं हे गाव. गावाला नाव दिलं ते इथल्या मूळ नॅचेझ लोकांनी. त्यांनी १७२९ मध्ये फ्रेंचांविरुद्ध उठाव केला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत फ्रेंचांनी त्यांची धूळधाण केली. पकडलेल्यांपैकी कित्येकांना गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर विकलं. गावाबाहेर, झाडीतून जाणाऱ्या नॅचेझ ट्रेस या जुन्या वाटेलगत, एमराल्ड माउंड नावाची मातीची प्रचंड टेकडी आहे. सुमारे आठ एकरांची ही टेकडी नॅचेझ लोकांच्या पूर्वजांनी हातांनी भर घालून उभी केली. आम्ही तिथे तासभर होतो. दुसरं कुणी फिरकलं नाही.

गर्दी होते ती हवेल्यांमध्ये. कापसाच्या पैशावर उठलेल्या या हवेल्यांचे मालक राहायचे इथे, थंड वाऱ्याच्या कड्यावर. बऱ्याच जणांची शेतं मात्र नदीपलीकडे, लुइझियानाच्या सखल, डासांच्या मुलखात. सगळ्यांत अचाट हवेली लाँगवूड. अष्टकोनी, डोक्यावर कांद्यासारखा घुमट. हॅलर नट या जमीनदाराने १८६० मध्ये तिचं काम सुरू केलं. पुढच्या वर्षी यादवी युद्ध पेटलं आणि फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर हत्यारं टाकून घरी परतले. बत्तीस खोल्यांपैकी तळघरातल्या नऊ तेवढ्या पुऱ्या झाल्या, त्याही गुलामांच्या हातून. वरचे मजले आजही उघडे सांगाडे आहेत.

मंदीच्या काळात, १९३२ साली, गावातल्या बागप्रेमी बायकांनी या हवेल्या तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली. उपक्रमाचं नाव 'पिलग्रिमेज', म्हणजे चक्क तीर्थयात्रा. घेरदार झगे घालून यजमानीण दारात उभी राहायची. गाव त्यावर तगलं. पण अशा यात्रेत गोष्ट कोणाची सांगितली जाणार हे झग्यांवरूनच ठरतं. एका हवेलीत (नाव नको) आमच्या गाइडने तासभरात चांदीचे काटेचमचे, फ्रान्सहून आणलेले आरसे, संगमरवरी शेकोट्या सगळं दाखवलं. 'गुलाम' हा शब्द मात्र एकदाही उच्चारला नाही. म्हणे, "घरात नोकरचाकर पुष्कळ होते."

ते 'नोकरचाकर' कुठून आले, हे गावाच्या पूर्वेकडच्या एका तिठ्यावर कळतं. जागेचं नाव फोर्क्स ऑफ द रोड. न्यू ऑर्लिन्स सोडलं तर दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी हा एक. १८३३ मध्ये गावात कॉलऱ्याची भीती पसरली, म्हणून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचा हा धंदा वेशीबाहेर गेला. इथे लिलाव नसे. माणसं नवे कपडे घालून रांगेत उभी केली जात आणि गिऱ्हाईक एकेकाशी बोलून, दात बघून, हातपाय चाचपून भाव ठरवी. व्हर्जिनियाकडून कित्येकांना साखळदंडात बांधून पायी आणलेलं असे. यादवी युद्धापूर्वीच्या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख माणसं अशी जुन्या दक्षिणेतून कापसाच्या मुलखात हलवली गेली. १८६३ मध्ये उत्तरेच्या फौजेने गाव घेतलं, तेव्हा काळ्या सैनिकांनीच बाजारातले कोंडवाडे पाडले आणि त्या फळ्यांच्या बराकी केल्या.

आज तिथे गवत, काही फलक आणि काँक्रीटमध्ये रुतवलेल्या बेड्या आहेत. पाहायला पाच मिनिटं पुरतात. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

गावातलं विल्यम जॉन्सनचं विटांचं घर मात्र सोपी उत्तरं देत नाही. हा न्हावी गुलाम म्हणून जन्मला, १८२० मध्ये मोकळा झाला. १८३५ ते १८५१ तो रोजनिशी लिहीत होता आणि त्यात सगळं गाव उतरलंय. त्याने स्वतःही गुलाम बाळगले. जमिनीच्या वादातून त्याचा खून झाला. मारेकऱ्याने स्वतःला गोरा म्हणवलं आणि काळ्या साक्षीदारांची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती. तो सुटला.

आता पुन्हा पंख्याकडे. आमच्या तालुक्याच्या जुन्या कचेरीत छताला लोखंडी कड्या होत्या. "साहेबाचा पंखा असायचा," आजोबा सांगत. साहेब कोण, कडक होता की कनवाळू, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. दोरी कोण ओढायचं, हे मी कधी विचारलं नाही. मेलरोज आता सरकारी राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे. तिथल्या बाईंनी हवेत हात नेऊन दोरी कुठवर जायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, "इथे एक गुलाम उभा असायचा, बहुतेक वेळा लहान मूल." मला एकदम त्या कड्या आठवल्या.

दोरीच्या त्या टोकाकडच्या एका मुलाचं नाव मात्र आपल्याला माहीत आहे. जॉन रॉय लिंच, जन्म १८४७. डनलीथ या इथल्याच हवेलीत तो गुलाम होता. जेवणाच्या वेळी मालकांना वारा घालायचा, माश्या हाकलायच्या, हे त्याचं काम. मालकिणीची मर्जी खप्पा झाली आणि त्याची रवानगी नदीपलीकडच्या शेतावर झाली. सोळाव्या वर्षी, फौज आल्यावर, तो मोकळा झाला. पुढे नॅचेझमध्ये फोटोग्राफरच्या दुकानात काम करता करता शिकला. १८७२ मध्ये तो मिसिसिपी विधानसभेचा अध्यक्ष झाला आणि १८७३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये जाऊन बसला.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. लिंचचं नाव फुल्यांच्या कानी गेलं होतं असा माझा दावा नाही. पण दोरी ओढणाऱ्याच्या बाजूने घर पाहायचं, हे फुल्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मुंबईने या युद्धाकडे कापसाच्या भावाच्या नजरेने पाहिलं. ज्या युद्धाने लाँगवूडचं काम थांबवलं, त्यानेच वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आणला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळला.

लिंचचं यशही टिकू दिलं गेलं नाही. काही वर्षांतच दहशत आणि कायदे वापरून काळ्यांचं मतदान बंद पाडलं गेलं. म्हाताऱ्या लिंचने त्या काळावर पुस्तक लिहिलं, कारण त्याच्या डोळ्यांदेखत इतिहास उलटा सांगितला जात होता.

नॅचेझला गेलात तर हवेल्या जरूर पाहा, त्या सुंदरच आहेत. पण आधी त्या तिठ्यावर जा. मग मेलरोजच्या जेवणघरात गेल्यावर नजर आपोआप टेबलावरून दोरीकडे आणि दोरीवरून कोपऱ्याकडे जाते.

या दिवाळीत गावी जाईन तेव्हा कचेरीतल्या कड्या अजून आहेत का पाहणार आहे. आजोबा आता नाहीत. पण जुन्या पेठेत कुणीतरी असेल, ज्याच्या पणजोबाने ती दोरी ओढली.