नागपूरचे दोन सामने : शब्द, चित्र आणि लौकिक

क्रीडाक्षेत्रातील गैरव्यवहारांचा इतिहास लिहिताना मैदानावर काय घडले, एवढ्यावरच दृष्टी ठेवण्याची प्रथा आहे. नागपूर येथील दोन क्रिकेट सामन्यांची हकिकत तपासली असता ही प्रथा अपुरी ठरते. दोन्ही प्रकरणांतील दोष धावफलकावर दिसत नाही. तो संभाषणात सापडतो.

१९ मार्च २००० रोजी विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानावर भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यातील पाचवा एकदिवसीय सामना झाला. पहिल्या चारांपैकी तीन सामने जिंकून भारताने मालिका आधीच हस्तगत केली होती. दक्षिण आफ्रिकेने ३२० धावा केल्या आणि १० धावांनी विजय मिळविला. पूर्वेकडील नंदनवनसारख्या वसाहतींतल्या प्रेक्षकांना हा सामना आपल्याच शहरात होत असूनही दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनच पाहावयाचा होता. आणि त्या पडद्यावर संशय घ्यावा असे काहीच दिसले नाही.

७ एप्रिल रोजी दिल्ली पोलिसांनी दूरध्वनीवरील संभाषणांच्या आधारे कर्णधार हॅन्सी क्रोनिए याच्यावरील आरोप जाहीर केले. जूनमध्ये केपटाऊन येथे किंग आयोगापुढे हर्शेल गिब्ज याने साक्ष दिली. नागपूरला २० पेक्षा कमी धावा केल्यास १५,००० डॉलर मिळतील, असे कर्णधाराने त्यास सांगितले होते व त्याने ते मान्य केले होते. प्रत्यक्षात त्याने ७४ धावा काढल्या. ५० हून अधिक धावा द्यावयाचे कबूल केलेला हेन्री विल्यम्स हा तर खांदा दुखावल्यामुळे दोन षटकेही पुरी करू शकला नाही. ठरल्यापैकी काहीही घडले नाही. तथापि या दोघांवर सहा महिन्यांची आणि क्रोनिएवर तहहयात बंदी आली. दिलेला शब्द मोडल्यामुळे सामना वाचला. शब्द दिल्याचा डाग मात्र राहिला.

दुसरे प्रकरण जानेवारी २००७ मधील. भारत व वेस्ट इंडीज यांच्या सामन्यापूर्वी मार्लन सॅम्युएल्स याचे एका सट्टेबाजाशी झालेले दूरध्वनीवरील बोलणे नागपूर पोलिसांनी टिपले. मे २००८ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली. येथेही पुरावा होता तो बोलण्याचा.

या घटनांची पार्श्वभूमी प्रक्षेपणाच्या व्यवसायात शोधावी लागते. आकाशवाणीच्या काळी समालोचन ही भाषेची कला होती, बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मराठी श्रोत्यांस खेळ शब्दांतून दाखविला. १९९३ च्या हीरो चषकावरून क्रिकेट संघटना व दूरदर्शन यांच्यात वाद झाला. त्यावर ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. पुढे प्रक्षेपणहक्क हा मोठा व्यापार झाला. १९९६ च्या विश्वचषकाचे हक्क घेणारे आणि सचिन तेंडुलकरशी करार करणारे मार्क मास्कारेन्हस या व्यापाराचे एक प्रवर्तक होत. जानेवारी २००२ मध्ये नागपूरनजीकच मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. २०२२ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले.

प्रक्षेपणामुळे सट्टा जन्मास आला, असे म्हणणे चुकीचे होईल; सट्टा त्याहून जुना आहे. परंतु विक्रीसाठी सामन्यांची संख्या वाढली, तसे मालिकेच्या निकालाशी संबंध नसलेले सामनेही वाढले. नागपूरचा २००० मधील सामना याच जातीचा होता. ज्या सामन्यात संघाला गमवावयाचे थोडे असते, तेथे मोहाला वाव अधिक मिळतो.

उरतो तो लौकिकाचा प्रश्न. हा शब्द 'लोक' या शब्दापासून झाला आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. सॅम्युएल्स २०१२ व २०१६ या दोन्ही वर्षांच्या वीस षटकांच्या विश्वचषकांत अंतिम सामन्याचा मानकरी ठरला. २०२३ मध्ये मात्र भ्रष्टाचारविरोधी नियमांखाली त्याच्यावर पुन्हा सहा वर्षांची बंदी आली. महंमद अझरुद्दीन याच्यावर २००० मध्ये घातलेली बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बेकायदा ठरविली; तोवर त्याचे खेळण्याचे वय उलटून गेले होते. क्रोनिए १ जून २००२ रोजी विमान अपघातात मरण पावला. न्यायालय बंदी उठवू शकते. लोकांच्या बोलण्यातील नाव पूर्ववत करणे त्याच्या अधिकारात नाही. पडद्याने खेळाडूस घरोघरी नेले. पण त्याचा लौकिक अखेर ठरला तो पडद्यावर न दिसलेल्या शब्दांवरून.