घरपट्टी आणि हरकतीचा हक्क

कराचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजांचा आणि दिवाणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी किती वसूल केले, याची मोजदाद त्यात सापडते. ज्याच्याकडून वसूल केले तो काय म्हणाला, याची नोंद क्वचितच आढळते. आज मी आपल्यापुढे या दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. भोसरीला अर्ध्या गुंठ्यावर घर बांधून राहणारा फिटर असो, की चाकणजवळ महाळुंग्यात दोन खोल्या बांधलेला शेतकऱ्याचा मुलगा असो, घरपट्टीची नोटीस दोघांच्याही दाराशी येते. पैशाचा आकडा दोघेही वाचतात. पण त्याच कागदावर हरकत घेण्याची मुदत छापलेली असते, ती ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. माझे म्हणणे असे की, त्या ओळीसाठी लोकांना बराच काळ झगडावे लागले आहे, आणि आकड्यापेक्षा तीच ओळ महत्त्वाची आहे.

पेशवाईत कसब्यातले कारागीर आणि दुकानदार मोहतर्फा भरीत. तो ठरविताना त्यांचे मत कोणी कायद्याने विचारीत नसे. पुढे कंपनी सरकारने १८१० साली काशीच्या घरांवर कर बसविला, तेव्हा लोकांनी दुकाने बंद केली, कामे थांबविली आणि शहराबाहेर मैदानात ठाण मांडले. लोहारांची जमात त्यात पुढे होती. शेवटी सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. आम्हां संघटनेच्या माणसांना या गोष्टीचे विशेष वाटते; गिरण्या आणि युनियन निघण्याच्या कितीतरी आधी हातावर पोट असलेल्या माणसांनी केलेला तो संप होता. पुढे १८५० साली नगरपालिकांचा कायदा झाला, तोही शहरातील लोकांची मागणी असेल तेथेच लागू करावयाचा होता. पुण्यात महात्मा फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेच्या तिजोरीतून खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. कर भरणाऱ्यास त्याचा हिशेब विचारता येतो, हा धडा पुणे जिल्ह्यास तेव्हाच मिळाला.

स्वातंत्र्यानंतर १९५८ साली ग्रामपंचायतींचा नवा कायदा झाला. जमिनीवरचा शेतसारा सरकारचा राहिला. घरे आणि बिगरशेती जागा यांवर कर बसविण्याचा अधिकार १२४ व्या कलमाने पंचायतीला मिळाला. १९६० च्या नियमांनी त्याची रीत ठरली. आकारणीची यादी करायची, ती लोकांस पाहण्यास खुली ठेवायची, नोटीस लावायची, हरकती मागवायच्या आणि त्या ऐकून मगच यादी कायम करायची. ही कायम झालेली नोंद म्हणजे आपला ‘आठचा उतारा’. यादी दर चार वर्षांनी नव्याने तपासावयाची असते.

रीत चांगली होती. मात्र ती ज्या गावासाठी आखली गेली, ते गावच आपल्या डोळ्यांदेखत बदलले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि माळरानावर कारखाने उभे राहिले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली आणि १९९७ साली आणखी अठरा गावे तिच्यात आली. चावडीवर लागलेला कागद पारावर बसणाऱ्या शेतकऱ्याला दिसत असे. पहिल्या पाळीला पहाटेच घराबाहेर पडणाऱ्या आणि बीडहून, लातूरहून आलेल्या कामगाराला तो कसा दिसणार?

या दुर्लक्षाला आणखी एक कारण होते. शहराची तिजोरी मुख्यतः जकातीवर भरत असे. कारखान्यात जाणारा कच्चा माल नाक्यावर पैसे टाकून पुढे जाई, त्यामुळे घरपट्टीकडे ना पालिकेचे फार लक्ष होते, ना लोकांचे. २०१३ साली जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१७ च्या वस्तू व सेवा करात विरून गेला. आता सरकारकडून भरपाई येते. पण पालिकेने स्वतः बसवावा आणि स्वतः वसूल करावा, अशा उत्पन्नात घरपट्टीचे स्थान मोठे झाले आहे.

तेव्हा ती कशी ठरते, हे समजून घेतले पाहिजे. महानगरपालिकेच्या जुन्या पद्धतीत घर वर्षाला किती भाड्याने जाऊ शकेल, याचा अंदाज घेतात; त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करतात; उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर कराचे दर लागतात. म्हणजे वाद दराशी घालण्यात अर्थ नसतो, तो सभेने ठरविलेला असतो. तपासायचे ते क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष. घरात राहतो आणि नोंद दुकानाची आहे, एक मजला आहे आणि दोन लिहिले आहेत, असल्या चुका या चार ठिकाणी असतात. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ज्याने मुदतीत आयुक्तांपुढे हरकत घेतली नाही, त्याला मूल्याविरुद्ध न्यायालयात अपील करता येत नाही. अपिलाची मुदतही अवघी पंधरा दिवसांची, आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. गप्प बसण्याची किंमत ती ही.

शास्तीकराने हे सर्वांस शिकविले. ४ जानेवारी २००८ पासून अनधिकृत बांधकामांवर मूळ कराच्या दुप्पट शास्ती लागू झाली. गुंठा, अर्धा गुंठा घेऊन भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून घर बांधलेल्या कामगारांवर वर्षावर वर्षे बोजा चढत गेला. मोर्चे निघाले, निवेदने गेली. आधी लहान घरांना सवलत मिळाली आणि मार्च २०२३ मध्ये मूळ कर भरणाऱ्यांची शास्ती माफ झाली. पण दोन गोष्टी विसरू नयेत. माफीने बांधकाम कायदेशीर होत नाही. आणि घरपट्टीची पावती किंवा आठचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. पावतीच्या भरवशावर जागा विकत घेणारा फसतो.

चाकणच्या बाजूस हाच इतिहास पुन्हा घडतो आहे. चाकणला २०१५ साली नगरपरिषद झाली. भोवतालच्या अनेक गावांत अजून पंचायत आहे. तेथील रहिवाशांनी १२५ वे कलम जरूर वाचावे. कारखान्याने करांऐवजी एकरकमी रक्कम द्यावी, असा करार सरकारच्या मंजुरीने पंचायतीला करता येतो. गरिबाचे घर फुटाने मोजले जाते आणि कारखान्याची रक्कम बैठकीत ठरते. ही सोय कायद्यानेच दिली आहे, तिला मी गैर म्हणत नाही. मात्र ती रक्कम कशी ठरली, ग्रामसभेत कोणी विचारले काय?

कारखान्यात आपण असे गाफील राहत नव्हतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोकरीच्या अटी बदलण्यापूर्वी एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागे. ती फलकावर लागली की जेवणाच्या सुट्टीत गर्दी होई, एक जण मोठ्याने वाची आणि संध्याकाळपर्यंत युनियनचे उत्तर तयार असे. पगाराच्या कागदावर दोन रुपये कमी दिसले तर आम्ही टाइम ऑफिसचे दार ठोठावीत असू. तीच माणसे घरी आल्यावर पालिकेचा कागद देव्हाऱ्यामागे सारतात.

उपाय अवघड नाही. आळीतील दहा घरांनी आपल्या नोटिसा एकत्र आणाव्यात, शेजारच्या सारख्या घराची आकारणी ताडून पाहावी, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे, आणि मुदतीच्या आत अर्ज द्यावा. आकारणी बरोबर असेल तर कर वेळेवर भरावा. कारण नळाला येणारे पाणी आणि रस्त्यावरचा दिवा त्यातूनच येतो. जो भरतो त्याचा विचारण्याचा अधिकार अधिक पक्का असतो. काशीच्या लोहारांना त्यासाठी भाता विझवून मैदानात बसावे लागले. आपल्याला एक अर्ज लिहायचा आहे, आणि तो मुदतीत लिहायचा आहे.