भिंतीआडची वहिवाट

इमारतींचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा दर्शनी कमानींवर आणि शिल्पकामावर खिळलेली असते. भिंतींच्या पोटात, छतावरच्या पोकळीत आणि तळघरांत गेल्या शतक-दीड शतकात नळ्यातारांची जी वसाहत उभी राहिली आणि तिच्या मालकीवरून जे तंटे माजले, त्यांची दखल मात्र कंत्राटदारांच्या दप्तराबाहेर क्वचितच घेतली जाते. आज ज्या इमारतींना ‘स्मार्ट’ हे विशेषण बहाल होते, त्यांच्यात वातानुकूलन, दिवे, लिफ्ट, दरवाज्यांची कुलपे आणि कॅमेरे या साऱ्यांचे निरोप एकाच जाळ्यावरून वाहतात, आणि ही गोष्ट अगदी नव्या युगाची म्हणून सांगितली जाते. परंतु सामाईक जाळ्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. आणि तिची वाट यंत्रविद्येतील उणिवांपेक्षा हक्काच्या आणि जबाबदारीच्या प्रश्नांनीच अधिक वेळा अडवली, असे मला वाटते.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षक तयार करणारे एक नॉर्मल स्कूल होते आणि वॉरन जॉन्सन हे तेथे प्राध्यापक होते. कोणत्या वर्गात उकाडा झाला आहे आणि कोणत्या वर्गात गारठा, हे पाहण्यासाठी शिपायाने खोलीखोलीतून हिंडावे आणि मग तळघरात उतरून झडपा कमीअधिक उघडाव्यात, असा तेथील रिवाज होता. जॉन्सन यांनी वर्गातील तापमानाची वर्दी विजेच्या घंटेने तळघरापर्यंत पोहोचवणारे उपकरण सिद्ध करून १८८३ साली त्याचे पेटंट घेतले, आणि १८८५ साली मिलवॉकी शहरात आपली कंपनी स्थापन केली. पण त्यांची खरी कर्तबगारी पुढची आहे. त्यांनी विजेचा नाद बराचसा सोडून दाबलेल्या हवेचा आश्रय केला. तळघरात एक कॉम्प्रेसर ठेवावा, त्यातून निघालेल्या तांब्याच्या बारीक नळ्या खोलीखोलीत न्याव्यात, आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने आपल्या वाट्याची हवा थोडी सोडून वा रोखून झडपेला हुकूम द्यावा, अशी ती योजना होती. या हवेचा दाब पुढे दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड असा जवळजवळ सर्वमान्य ठरला. हुकूमही हवेचा आणि तो बजावण्याचे बळही हवेचेच! साऱ्या इमारतीचा एकच प्राणवायू असलेले हे जाळे सामाईक नव्हते असे कोण म्हणेल? जॉन्सन यांचा हवेवरील विश्वास एवढा दांडगा होता की, फिलाडेल्फियाच्या नगरभवनावरील प्रचंड घड्याळाचे काटेही त्यांनी हवेच्याच जोरावर फिरवले. पॅरिसमध्ये तर १८८० च्या सुमारास रस्त्यांखालच्या नळ्यांतून दर मिनिटास हवेचा एक ठोका पाठवून शहरभरची घड्याळे एका वेळेवर चालवण्याचा व्यवसाय सुरू झालेला होता.

ही एकवाक्यता टिकली नाही. विसाव्या शतकात इमारतींत यंत्रांची भर पडत गेली, तसतसा ज्याने त्याने आपापल्या तारांचा सवतासुभा मांडला. उष्णतेचा मक्तेदार एक, लिफ्टचा दुसरा, आगीच्या घंटांचा तिसरा. १९७२ साली जॉन्सन यांच्याच कंपनीने लघुसंगणकावर चालणारी जेसी/८० ही इमारत-नियंत्रण व्यवस्था बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि वीज-इंधनाचा हिशेब ठेवणाऱ्या अशा यंत्रांना मागणी आली. पण प्रत्येक कारखानदाराच्या यंत्रांची भाषा गुप्त आणि स्वतंत्र असे, त्यामुळे एकदा एका कंपनीचे पॅनेल बसवले की मालक स्वतःच्या इमारतीत त्या कंपनीचे कूळ होऊन राही.

यातून सुटण्याचा एक भव्य प्रयोग कनेक्टिकटमधील हार्टफर्ड शहरी ‘सिटीप्लेस’ या ३८ मजली इमारतीत १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत झाला. वातानुकूलन, लिफ्ट आणि अग्निसंरक्षण यांचा कारभार तर एका ठिकाणाहून चालावाच, शिवाय भाडेकरूंना टेलिफोन आणि संगणकाची सोयही इमारतीच्याच सामाईक जाळ्यावरून विकत मिळावी, असा हा मनसुबा होता. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या विभाजनामुळे दूरध्वनीचा व्यापार तेव्हा नुकताच मोकळा झाला होता, त्यामुळे अशा सामाईक सेवांचे अमाप पीक आले आणि तितक्याच वेगाने करपलेही. आपली टेलिफोनवरची बोलणी आणि कागदपत्रे घरमालकाच्या तारेवर सोपवण्यास भाडेकरू राजी नव्हते; आणि त्यांच्या या शंकेत काही गैर होते, असे मला म्हणवत नाही.

पुढची कामगिरी व्यापाऱ्यांनी नव्हे, तर एका समितीने केली. वातानुकूलन-अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेने नेमलेली समिती जून १९८७ मध्ये नॅशव्हिल येथे प्रथम भरली. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल न्यूमन तिचे अध्यक्ष होते. एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींना एका मेजाभोवती बसवून सामाईक भाषेचा मसुदा मंजूर करून घेण्यास त्यांना आठ वर्षे लागली; १९९५ साली ‘बॅकनेट’ हे मानक जाहीर झाले. निरोप कोणत्या तारेवरून जावा याचा आग्रह त्यात जाणूनबुजून धरलेला नव्हता, आणि हा संयमच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण ठरला. १९९९ मध्ये इंटरनेटच्या नियमांवरून तीच भाषा बोलण्याची तरतूद झाली, आणि चिलर व दफ्तरातला संगणक एकाच केबलवर आले.

येथेच नव्या तंट्याचे मूळ आहे. बॅकनेटच्या उपकरणाला दुसऱ्या उपकरणांचा शोध घ्यायचा असला की ते ‘कोण आहे?’ अशी दवंडी साऱ्या जाळ्यावर पिटते. तळघरातील अभियंत्याला हे स्वाभाविक वाटते. परंतु संगणक-विभागाच्या अधिकाऱ्याला असा गलका मुळीच खपत नाही, आणि त्याचे राउटर ती दवंडी वेशीवरच थोपवतात. २००३ पासून संगणकाच्या त्याच केबलमधून वीजही देता येऊ लागली. ॲमस्टरडॅमच्या ‘द एज’ या इमारतीत तर छतावरचे हजारो दिवे संगणकाच्या केबलवर प्रकाशू लागले. मग दिवा विझला तर बोलवावे कोणाला, वायरमनला की संगणकवाल्याला? अमेरिकेतील बांधकामाच्या निविदा ज्या ‘मास्टरफॉर्मॅट’ वर्गीकरणानुसार लिहिल्या जातात, त्यात २००४ पर्यंत नियंत्रणयंत्रणेला स्वतंत्र प्रकरणच नव्हते. तिचे बाड यंत्रकामाच्या नाहीतर वीजकामाच्या दप्तरात बांधलेले असे. त्या वर्षी १६ विभागांचे ५० झाले आणि एकात्मिक स्वयंचलनाला २५ वा विभाग मिळाला. माझ्या मते हा कारकुनी फेरबदल अनेक शोधांहून मोलाचा आहे.

पुढे २०१३ साली ‘टार्गेट’ या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली आणि चोर शीतयंत्रांच्या कंत्राटदाराच्या परवलीच्या शब्दावर आत शिरल्याचे उघड झाले. लोकांनी दोष वातानुकूलनाच्या यंत्रांना दिला; वस्तुतः तो प्रवेश बिले आणि कामाचे कागद पाठवण्यासाठी दिलेला होता, आणि तेथून पुढे तिजोरीपर्यंतच्या वाटेवर पुरेसा अडसर नव्हता. तेव्हापासून एका केबलवरच सरहद्दी आखून आभासी स्वतंत्र जाळी करण्याची निकड सर्वांनाच पटू लागली. २०१९ मध्ये बॅकनेटनेही निरोप सांकेतिक लिपीत बांधून पाठवण्याची आणि दवंडीवाचून भागवण्याची पद्धत स्वीकारली. आगीच्या घंटांची तार मात्र पुष्कळ ठिकाणी अजूनही वेगळीच ओढली जाते; त्यांचे पॅनेल सामाईक जाळ्याला वर्दी देते, पण त्या बाजूने आलेला हुकूम सहसा मानत नाही, आणि अग्निशमनाचे अधिकारी ही व्यवस्था बदलण्यास अद्याप फारसे उत्सुक नाहीत.