भागधारक

देवळाली प्रवऱ्याच्या शिवारातला ऊस भंडारदऱ्याच्या पाण्यावर पोसला. धरण पुरे झाले १९२६ साली. पण पाटाला पाणी आले म्हणून घरात पैसा आला, असे थोडेच होते? गुळाचा भाव कोसळला की छोटा बागाईतदार सावकाराच्या ओसरीवर. मग याच मुलखातल्या लोणीचे विठ्ठलराव विखे गावोगाव हिंडले, सहकारी साखर कारखान्याचे शेअर घ्या म्हणून विनवू लागले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले. १९४८ अखेर नोंदणी झाली, १९५०-५१ च्या हंगामात चरक फिरला. मी पडलो मॅट्रिक मास्तर. तरी मला वाटते, यंत्रे आणण्याहून अवघड होते ते शेजाऱ्यावर भरवसा टाकणे. बांधाच्या वितीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणारे भाऊबंद, आणि त्यांचे अंगठे एकाच यादीत, एकाखाली एक!