भागीचे घोडे

कारंजा लाड म्हटले की भाविकाला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आठवते, व्यापाऱ्याला कापसाचा बाजार आठवतो, आणि आमच्यासारख्यांना आठवते ती शकुंतला. ही शकुंतला कण्वाश्रमातली नव्हे! मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर डुलत जाणारी, अडीच फुटी रुळांवरची आगगाडी ती. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. गाडी त्याहून पुष्कळ जुनी.

वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचावा, म्हणून किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या कंपनीने हा फाटा बांधला. रूळ कंपनीचे, गाड्या मात्र चालवी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. मूर्तिजापूर स्टेशन दोघांचे सामाईक. तेथे लहान गाडीतला माल उतरून मोठ्या गाडीत चढे. पुढे १९२५ साली मोठ्या रेल्वेचा कारभार सरकारने घेतला, १९५१ साली ती मध्य रेल्वेत सामील झाली. फाट्याची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. १९९४ साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, तरी मालक तोच. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, आणि प्रवासी आपण!

मग डागडुजी कोणी करावी? मालकाने म्हणावे, गाडी चालवतो त्याने करावी. चालवणाऱ्याने म्हणावे, रूळ ज्याचे त्याने. आपल्याकडे म्हणतातच, भागीचे घोडे किवणाने मेले. रूळ झिजले, वेग मंदावला, आणि अखेर गाडी थांबली.

वास्तविक सामाईक कारभार कसा करावा, हे कारंज्यानेच आधी दाखवले होते. १८८६ साली येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला. व्यापारी खाजगी, बाजार सर्वांचा, पण नियम बांधलेले.

हा तंटा जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी बड्या कंपन्यांच्या नोकरांना नेणाऱ्या खाजगी बसगाड्या शहराच्या बसथांब्यांवर फुकट उभ्या राहत. २०१३ साली लोकांनी त्या अडवल्या. तेव्हा कोठे २०१४ साली दर थांब्याला १ डॉलर आकार बसला.

वाचकहो, अंगण सामाईक असायला मुळीच हरकत नाही. मात्र सडा कोणी घालायचा, हे दिवाळीच्या आधीच ठरलेले बरे!